तुम्ही रवंथ मोजत बसलात, डॉक्टर

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

फोनवर दोनदा आभार मानायला गेले. दोन्ही वेळा घसा दाटून आला आणि भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवला. म्हणून आता लिहिते आहे, सगळ्यांसमोर.

माझ्या कपिला गायीचं हे तिसरं वेत. व्यायल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तिने आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचा खुराक, सोडलं, नुसता कोरडा चारा चघळायची. दूध निम्म्यावर आलं, बरगड्या मोजता येऊ लागल्या. तुमच्याआधी दोघे येऊन गेले होते. दोघांनीही उभ्याउभ्याच बी कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टोचलं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरे तर जाता जाता म्हणाले, "हिच्यात आता काही राहिलं नाही, काढून टाका." गव्हाणीत काय आहे हे त्यांनी वाकून पाहिलंही नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात आणि बॅग उघडलीच नाहीत. आधी तिच्या श्वासाचा वास घेतलात. डाव्या भकाळीवर, बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, मूठ दाबून घड्याळाकडे बघत राहिलात. काडीने शेण उकलून त्यातले न पचलेले दाणे मला दाखवलेत. मग बादली पालथी घातलीत आणि तिच्यावर बसलात. मला वाटलं, दमलात. पाणी घेऊन आले तर हातानेच थांबवलंत. ती रवंथ कधी सुरू करते याची तुम्ही वाट बघत होता. पाऊण तास तरी गेला असेल. तिने घास वर आणला आणि तुम्ही ओठांतल्या ओठांत मोजू लागलात. 28. "चांगली गाय एका घासाला 50-60 वेळा तरी चावते," एवढंच म्हणालात.

दूध वाढावं म्हणून मीच आंबोण वाढवत गेले होते आणि तिचं कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा मोठा कप्पा, त्यानेच बिघडलं होतं. हे तुम्ही सांगितलंत, पण मला एका शब्दाने दोष दिला नाहीत. ब जीवनसत्त्वं गायीसाठी कोठीपोटातले सूक्ष्मजीवच तयार करतात, ते आजारी पडले की बाहेरून टोचलेलं किती दिवस पुरणार? आणि बी 12 बनवायला त्यांना कोबाल्ट हे खनिज लागतं. किती, तर किलोभर शुष्क खाद्यामागे 0.2 मिलिग्रॅम! माझ्या गव्हाणीत खनिज मिश्रण कधी पडलंच नव्हतं. चाऱ्यातून गायीला आयती साखर जवळजवळ मिळतच नाही, ती यकृतात तयार होते, आणि त्या कामाला बी 12 लागतं. दुधातली साखरही तिथूनच येते. इतकी वर्षं धारा काढल्या, पण हे मला कुणी समजावलं नव्हतं.

इंजेक्शन तुम्हीही दिलंत. पण त्याआधी चारा आणि आंबोण कसं, किती द्यायचं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत. मागच्या खुरांसाठी बायोटिन हे ब गटातलंच जीवनसत्त्व दिलंत, रोज 20 मिलिग्रॅम, आणि तेव्हाच बजावलंत की खूर महिन्याला अर्धा सेंटिमीटरच वाढतो, फरक दिसायला काही महिने जातील. असं खरं सांगणारा माणूस भेटला की निम्मं ओझं तिथेच उतरतं. मुक्या जनावराला तक्रार सांगता येत नाही, त्याच्याजवळ कुणीतरी गप्प बसून राहावं लागतं. तुम्ही बसलात. जनावराशी असं वागणारी माणसं माणसांशीही तशीच वागत असणार.

कपिला आता आंबोण संपवून गव्हाण चाटते. दूध पूर्वीइतकं झालेलं नाही, होईल हळूहळू. मागच्या आठवड्यात तुम्ही न बोलावता कुंपणापाशी थांबला होता. मी आत धार काढत होते, हात गुंतलेले, हाक मारता आली नाही. तुमचे ओठ हलताना मात्र दिसले. तुम्ही गेल्यावर मीही मोजलं.

56 भरले, डॉक्टर.