बिल्ड मोडल्यावर काय करायचे, तेही शिकवा

महोदय,

चिपनिर्मिती आणि स्वदेशी प्रोसेसर या विषयांवर आपल्या दैनिकात हल्ली वरचेवर लिहिले जाते. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावर उभे आहेत. ते वाचून आमची अंतिम वर्षाची मुले प्रकल्पासाठी रिस्क-फाइव्ह निवडतात, याचा मला फार आनंद होतो. सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक आहे. मुले कुठे अडतात ते मी जवळून पाहते. त्यांची गाडी प्रोसेसरपर्यंत पोहोचायच्या आधीच, क्रॉस-कंपायलर (एका प्रोसेसरवर चालून दुसऱ्यासाठी प्रोग्रॅम तयार करणारे साधन) तयार करताना अडते.

लॅबमधले संगणक इंटेलचे. त्यांवर बसून रिस्क-फाइव्हसाठी कंपाइल करायचे तर त्या प्रोसेसरची वेगळी टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधने, लागते. ती तयार मिळते आणि बहुतेक प्रकल्पांना पुरतेही. पण जी मुले ती सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायला घेतात, त्यांचे मला कौतुक आहे. आधी बिनयुटिल्स, म्हणजे कंपायलरच्या कामाचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा असेम्ब्लर आणि तुकडे जोडणारा लिंकर. मग लिनक्सची हेडर्स, म्हणजे त्यातल्या सोयींची जाहीर यादी देणाऱ्या फाइल्स. मग फक्त सी भाषेपुरता अर्धामुर्धा जीसीसी हा कंपायलर. त्याच्याकडून ग्लिबसी ही सी-लायब्ररी कंपाइल करून घ्यायची, आणि तिच्या आधाराने पुन्हा जीसीसी, या वेळी पूर्ण. हा क्रम ज्याने एकदा स्वतः पार पाडला, त्याला कंपायलर आणि सी-लायब्ररी एकमेकांवाचून कसे अडतात हे फळ्यावर समजवावे लागत नाही.

एवढ्या टप्प्यांत बिल्ड, म्हणजे ही बांधणी, कुठेतरी मोडतेच. मोडले की मुले पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. ती ओळ असते बिल्डची कामे चालवणाऱ्या ‘मेक’ या प्रोग्रॅमची, ‘एरर २’. तिचा अर्थ एवढाच, की आत कुठेतरी काहीतरी फसले. खरी चूक कित्येक पडदे वर गेलेली असते, कारण वेळ वाचावा म्हणून आठ कामे एकदम लावलेली असतात आणि एक फसले तरी हातातली बाकीची कामे पुढे लिहीत राहतात. ‘मेक’ पुन्हा एकाच कामावर चालवले तर तीच चूक शेवटाजवळ स्वच्छ दिसते. ही साधी गोष्ट मुलांना कुणी सांगितलेली नसते.

दुसरा नेहमीचा अडथळा म्हणजे ‘कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स’. यात सफिक्सचा, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेपटाचा, काही दोष नसतो. नवा जीसीसी एक छोटी चाचणी फाइलसुद्धा कंपाइल करू शकला नाही, एवढेच ते सांगते. का, ते ‘कॉन्फिग.लॉग’ या बिल्डपूर्व तपासणीच्या नोंदीत लिहिलेले असते. पण मुले सर्वांत वरच्या फोल्डरमधली त्या नावाची फाइल उघडतात. पाहायची असते ती लक्ष्य प्रोसेसरच्या नावाच्या फोल्डरमध्ये, ‘लिबजीसीसी’ (जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी) हिच्या फोल्डरच्या आत. तिथे बहुधा जीसीसीला लागणारी एमपीसी किंवा एमपीएफआर ही गणिती लायब्ररी सापडत नसल्याचे दिसते. नाहीतर ‘इनव्हॅलिड मार्च ऑप्शन’ (‘मार्च’ म्हणजे प्रोसेसरचा प्रकार सांगणारा पर्याय) अशी असेम्ब्लरची तक्रार असते. म्हणजे रिस्क-फाइव्हचा असेम्ब्लर न सापडल्याने जीसीसीने गुपचूप इंटेलचाच असेम्ब्लर चालवला. बिनयुटिल्स आणि जीसीसी यांना एकच प्रीफिक्स, म्हणजे बसवण्याची जागा, दिला आणि तिथला ‘बिन’ फोल्डर पाथमध्ये, म्हणजे संगणक प्रोग्रॅम जिथे शोधतो त्या यादीत, घातला की हा प्रश्न मिटतो.

‘किल्ड’ असे लिहून कंपायलर मरतो तेव्हा सोर्स बदलण्यात रात्र घालवू नये. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग पाहून खात्री करावी आणि एकदम चालणारी कामे कमी करावीत. इंटेलसारख्या प्रोसेसरसाठी बांधताना जुन्या जीसीसीला नवी ग्लिबसी जोडली की आणखी वेगळीच चूक येते. ग्लिबसी २.२८ मधून (२०१८) ‘यूस्टॅट’चे हेडर काढून टाकले गेले, आणि त्याआधीच्या जीसीसीमधली ‘लिबसॅनिटायझर’ ही मेमरीच्या चुका पकडणारी लायब्ररी ते हेडर मागत राहते. दोन्ही आवृत्त्या एकाच काळातल्या घ्याव्यात, किंवा सॅनिटायझर बंद करून कॉन्फिगर करावे.

हे सगळे शिकवण्यासारखे आहे, पण शिकवले जात नाही, कारण आमच्याकडे गुण फक्त ‘आउटपुट’ला मिळतात. जर्नलमध्ये यशस्वी बिल्डचा प्रिंटआउट लावला की सबमिशन पूर्ण. मग मुले सीनियरचा तयार फोल्डर कॉपी करतात. जी मुलगी चार वेळा फसून लॉगमधून कारण शोधते, तिच्या पानावर लिहायला काही उरत नाही आणि बाह्य परीक्षक तिला तेच विचारतात जे सगळ्यांना विचारतात. हा तिच्यावर अन्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणते.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की एम्बेडेड सिस्टिम्सच्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग मोडलेल्या बिल्डचा ठेवावा. विद्यार्थ्याला फसलेल्या बिल्डचे पूर्ण फोल्डर द्यावे. पहिली खरी चूक कोणती, ती कोणत्या टप्प्यावर आली आणि त्या वेळी प्रत्यक्षात कोणता असेम्ब्लर चालला, एवढे त्याने लॉगमधून दाखवावे. दुरुस्ती जमली नाही तरी निदानाला गुण असावेत. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. लॅबमधले आहेत तेच संगणक पुरतात, आणि मोडलेली बिल्ड्स तर आमच्याकडे दर सत्रात साठलेली असतातच. ती द्यायला मी आनंदाने तयार आहे.

— एक प्रयोगशाळा सहायक, जि. सांगली