दिव्यावरची टिकली

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

पोचल्याचा फोन केलाच होता. पण फोनवर बाबा "हो हो, ठीक आहे" म्हणतात आणि तो आईच्या हाती देतात, म्हणून लिहायला बसले. आई, चष्मा लाव आणि यांना मोठ्यानं वाचून दाखव.

दारव्ह्याहून परतताना तुरीतून रोही आडवा आला, त्या रात्रीबद्दल लिहायचं आहे. बाबा, ब्रेक तुम्ही वेळेवर मारला. पण पायाखाली पेडल धडधडलं तसा पाय उचललात, पुन्हा दाबलात, पुन्हा उचललात. मी शेजारी बसून तुमच्या गुडघ्याकडेच पाहत होते. रोही उडी मारून गेला म्हणून, नाहीतर बॉनेटवरच होता. आणि घरी आल्यावर तुम्ही म्हणता, "ब्रेक खराब झाला, मिस्त्रीले दाखवा लागते."

खराब काही झालेला नाही. ती धडधड एबीएसची. चाक जाम व्हायला आलं की ते एका सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडतं आणि धरतं. जुन्या जीपला तुम्ही पायानं हेच करायचात, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. आता पाय गच्च रोवून ठेवायचा आणि गाडी कुठं न्यायची तिकडं स्टिअरिंग फिरवायचं. जाम झालेलं चाक वळत नाही, सरळ घसरत जातं. फिरतं चाक वळतं. एबीएस आहे ते त्यासाठी. पांदणीच्या सुट्या मुरमावर मात्र थांबायला उलट जास्तच जागा लागते, तिथं हळूच चला.

दुसरी गोष्ट ब्रेक असिस्ट. घाबरलेल्या माणसाचा पाय झटकन जातो, पण पुरता जोर लावत नाही. पेडल किती झटक्यात दाबलं यावरून ती यंत्रणा ओळखते की हे साधं थांबणं नाही, आणि उरलेला जोर स्वतः लावते. पाय उचलला की तिला वाटतं संकट टळलं. त्या रात्री तुम्ही तिला दोनदा घरी पाठवलंत! आणि काकांना सांगत होतात तसं "गाडी आपसूक थांबते" हे आपल्या गाडीत नाही. कॅमेऱ्यानं ब्रेक लागणाऱ्या गाड्या वेगळ्या. इथं आधी पाय तुमचाच पडायला हवा. ८०च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते.

आता टिकली. दुसऱ्या दिवशी वावरातून येताना मीटरवर आईची लाल टिकली चिकटवलेली दिसली. उचलली तर खाली पिवळा दिवा. "रात्री डोळ्यावर येते," म्हणालात. बाबा, तो ईएससीचा, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा दिवा आहे. लुकलुकला तर समजा ती काम करते आहे, रस्ता निसरडा आहे, वेग कमी करा. सतत जळत राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. त्या दिवशी ती बंद होती. गाऱ्यात चाकं फिरेनात म्हणून तुम्ही बटण दाबलंत, ते योग्यच केलंत. चिखलात ती इंजिनचा जोर कमी करते आणि गाडी रुतून बसते. पण डांबरी लागल्यावर बटण पुन्हा दाबायचं राहिलं, आणि आठवण द्यायला दिवा होता तो टिकलीखाली.

ईएससी काय करते ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. धुऱ्याशी ट्रॅक्टर वळवताना तुम्ही एकट्या डाव्या चाकाचा ब्रेक दाबता, ट्रॅक्टर डावीकडं गर्रकन वळतो. ही तेच करते, फक्त चारांपैकी कोणतं चाक धरायचं ते स्वतः ठरवते. स्टिअरिंग एकीकडं आणि गाडीचं तोंड दुसरीकडं असं दिसलं की एखादं चाक धरून तोंड सरळ करते. १९९७ साली स्वीडनमध्ये मूस आडवा आला तर गाडी कशी चुकवते याची चाचणी घेताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली होती. मूस म्हणजे रोह्याहून थोराड हरीण. त्यानंतर कंपनीनं त्या गाडीत ईएससी सरसकट दिली. आपली गाडी तर उंच, दोन टनांच्या घरातली. वर कॅरिअरवर सोयाबीनचे कट्टे चढवले की ती आणखी डोलते. कट्टे खाली, मागच्या सीटा पाडून ठेवा. आणि पुढचे टायर गुळगुळीत झालेत, ते बदलाच. ईएससी नवीन पकड कुठून आणणार?

संक्रांतीला येते आहे. जिनिंगमागच्या मोकळ्या मैदानात ४०च्या वेगात तुमच्याकडून ब्रेक मारून घेणार, पेडल धडधडलं तरी पाय न उचलता, पाच वेळा. आई, तू मागं बस, पट्टा लावून. तुरीचे सोले काढून ठेवशील ना?

टिकली काढलीस की फोटो पाठव.

तुमची
सोनू