जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र: नकाशातली लाल रेषा माझ्या ओट्यापर्यंत आणा

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आमच्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीची पातळी रोज जाहीर होते. पाच मीटर इशारा, सात मीटर धोका. पण नदी सात मीटरवर असताना माझ्या दुकानात पाणी ओट्याखाली असेल की गल्ल्यावर, हे मला कुणी सांगत नाही. कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी कोळकेवाडी धरणातून याच नदीत येतं, वर सह्याद्रीचा पाऊस, आणि दाभोळ खाडीला भरती असली की पुढे निचराच नाही. एवढी गुंतागुंत आम्ही अंदाजाने ओळखायची?

आपल्या खात्याच्या नकाशात दोन पूररेषा आहेत: निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. आम्ही २००५ पाहिला आणि २२ जुलै २०२१ही पाहिला, मध्ये सोळाच वर्षं! बांधकामाची परवानगी मागायला गेलं की या रेषा लगेच पुढे येतात. विमा घेताना मात्र त्यांचा काडीचा उपयोग नाही. एजंट पिनकोड विचारतो. ४१५६०५ म्हटलं की डोंगरउतारावरचं घर आणि बाजारपेठेतला तळमजला एकाच मापात, वर १८ टक्के जीएसटी.

हप्ता परवडेना म्हणून कितीतरी दुकानदार माल कमी दाखवतात. तिथेच फसगत होते. वीस लाखांच्या मालाचा विमा दहा लाखांचा काढला, तर भरपाईही त्याच प्रमाणात निम्मी होते, आणि आठ लाखांच्या नुकसानीचे हाती साधारण चारच येतात. त्यातून नुकसान मोजायला आलेला विम्याचा सर्व्हेअर स्टॉक रजिस्टर मागतो, आणि त्याचा तर चिखलात लगदा झालेला असतो. (बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावरचं कर्ज, असेल तर विमा टाळताही येत नाही.)

पूररेषेला इथे विरोध झाला, त्यात मीही होतो आणि आजही आहे; पण नकाशाच नको असं माझं म्हणणं नाही. नकाशा मोजून, नीट करा. प्रत्येक चौकात खांब रोवून नदीच्या पाच, सात, नऊ मीटरला तिथे किती पाणी येतं त्याच्या खुणा करा. मालमत्ता क्रमांकानुसार जोत्याची उंची नोंदवून नगरपरिषदेतून दाखला द्या. दुसऱ्या मजल्यावर गोदाम नेणाऱ्याला तो दाखवून हप्ता कमी मागता यावा, यासाठी विमा नियामकाशी पत्रव्यवहार आपण करा, आमचं तिथे कोण ऐकणार? नदीतला गाळ काढण्याचं काम थांबू नये, हे वेगळं सांगायला नको.

बहुतेकांच्या पॉलिसी मार्चअखेर नव्या होतात. त्याआधी निदान बाजारपेठेतली मोजणी व्हावी.

आपला,
चिपळूण बाजारपेठेतील एक दुकानदार