उपवास आणि मधुमेहाची गोळी

नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्यांत मधुमेहीही पुष्कळ असतात. जेवण सुटते, पण ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन नेहमीच्या मापाने चालूच राहते आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरते. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, मग असंबद्ध बोलणे. घरचे म्हणतात, ‘पित्त झालं असेल, जरा पडू द्या.’ हे पडू देणेच घातक ठरते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी तपासावे, साखर कमीच असेल तर पुन्हा द्यावी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे उशीर होतो. व्होग्लिबोज वा अकार्बोज या मधुमेहाच्याच गोळ्या घेणाऱ्यांना तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोज पावडरच हवी. गोळ्या देताना हे रुग्णाला आवर्जून सांगायला नको का? शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. थेट १०८ क्रमांकावर फोन करावा. उपवास करायचाच असेल तर घट बसण्याआधी डॉक्टरांना विचारून औषधाचे माप ठरवून घ्यावे.

— एक वाचक, सांगली