नोगोदानहून उतरल्यावर

गुर्ये, दक्षिण कोरिया
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

शुक्रवारी फोन घाईत ठेवला, तेव्हा गाडी बोगद्यात शिरत होती. आता इथे सगळे झोपलेत आणि मी जमिनीवर गादी घालून लिहायला बसले आहे. या घरांची जमीन खालून तापवतात. बाहेर चांगलीच थंडी आहे, पण पाठ टेकली की चुलीशेजारी बसल्यासारखं वाटतं. आई, तुझ्या कंबरेला हे फार मानवेल.

आम्ही तुमच्या जावयाच्या आजोळी आलो आहोत. यायचं खरं तर चुसॉकला, म्हणजे इथल्या सुगीच्या पौर्णिमेच्या सणाला होतं. यंदा त्यांचं चुसॉक आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, 6 ऑक्टोबरला आली. पण त्या दिवसांत अख्खं सोल शहर गावाकडे निघतं, त्यामुळे आम्हाला तिकिटं मिळाली नाहीत. म्हणून आता सोमवारची रजा जोडून आलो.

सोलच्या योंगसान स्टेशनवरून रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास लागतात. गंमत म्हणजे गुर्येचं स्टेशन गुर्येत नाहीच. ते सोमजिन नदीच्या अलीकडे, शेजारच्या सुनचनच्या हद्दीत आहे. म्हणून त्याचं नाव गुर्येगू, म्हणजे गुर्येचं तोंड. पूल ओलांडला की गाव सुरू. मामा त्यांचा शेतीचा छोटा ट्रक घेऊन न्यायला आले होते. 2020च्या ऑगस्टमध्ये ही नदी फुगून गावात आणि बाजारात शिरली होती, तेव्हाचं ते वाटेत सांगत होते. पुरातून सुटलेल्या काही गाई चालत चालत समोरच्या ओसान डोंगरावर गेल्या आणि सासोंगाम मठाच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. बाबा, जनावराला उंचवटा कळतो, असं तुम्ही म्हणता ना, तेच मामा म्हणाले.

हाल्मोनी (म्हणजे आजी) दारातच उभ्या होत्या. 86 वर्षांच्या आहेत, कंबरेत पार वाकलेल्या. मला पाहिल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, "आइगो!" इथे सुखदुःखाला, दमल्याला, लागल्याला सगळ्याला आइगो म्हणतात. मला ते दर वेळी "आई गं"च ऐकू येतं. मी गुडघे टेकून, कपाळ हातांवर ठेवून त्यांच्या पद्धतीचा नमस्कार केला. मग त्यांचा पहिला प्रश्न, जेवलीस का?

काल नोगोदानला जाऊन आलो. हा चिरीसान पर्वताचा एक माथा. चिरीसान म्हणजे इथला पहिला राष्ट्रीय उद्यान, 1967 सालचा. त्याचं सर्वांत उंच शिखर 1915 मीटर, दक्षिण कोरियाच्या मुख्य भूमीवर त्याहून उंच काही नाही. आम्ही तिथवर गेलो नाही. नोगोदान 1507 मीटर आहे. बाबा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच. पण मी तुम्हाला नाव सांगते म्हणजे बघा. 'नोगो' म्हणजे म्हातारी, आजी, आणि 'दान' म्हणजे पूजेचा ओटा. डोंगराची आजी म्हणून जी देवी होती, तिची पूजा कोरियातल्या प्राचीन सिल्ला राजवटीच्या काळापासून इथे होत होती, असं सांगतात. मामांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना कळसूबाईची गोष्ट सांगितली. आमच्याकडेही सगळ्यात उंच जागेवर बाईच बसलेली आहे म्हटलं. मामा थांबले, मान हलवली आणि म्हणाले, बरोबर आहे.

दहावीची परीक्षा झाल्यावर तुम्ही मला कळसूबाईला नेलं होतं. लोखंडी शिडीवर मी मधेच थबकले, तर तुम्ही खालून माझ्या टाचेला हात लावून उभे राहिलात. काही बोलला नाहीत, फक्त हात लावून ठेवलात. काल वर जाताना मला तोच हात आठवत होता.

वाट मात्र शिडीसारखी नाही. सोंगसामजे खिंडीपर्यंत गाडी जाते, म्हणजे हजार मीटरच्या वर तुम्ही बसूनच पोहोचता. पुढे रुंद, सौम्य चढाची वाट, सावकाश गेलं तरी तास-दीड तास. मधे विश्रामगृह आहे, पाणी आहे, बसायला बाक आहेत. शेवटच्या टप्प्यावर माती झिजू नये म्हणून लाकडी पायऱ्या केल्या आहेत आणि माथ्यावर जायला आधी नाव नोंदवावं लागतं. वर दगडांचा रचलेला उंच मनोरा आहे. वारा इतका होता की कान दुखले, पण खाली सोमजिन नदी चांदीच्या तारेसारखी दिसत होती आणि डोंगरांच्या रांगा एकामागे एक, पार निळ्या होत गेलेल्या. आई, वाटेत अस्वलांपासून सावध राहा अशा पाट्या आहेत. 2004पासून इथे काळी अस्वलं पुन्हा सोडली आहेत. पण ती माणसांच्या वाटेवर सहसा येत नाहीत, तेव्हा तू धसका घेऊ नकोस.

मला सगळ्यात आवडली ती चढणारी माणसं. सत्तरीच्या बायका, डोक्याला झापडीच्या टोप्या, दोन्ही हातांत काठ्या. एकीनं बसल्या बसल्या पिशवीतून सोललेली काकडी काढली आणि मोडून अर्धी मला दिली. ओळख ना पाळख. आपल्याकडे गडावर काकडीवाल्या मावशी असतात ना, मीठ-तिखट लावून देणाऱ्या, फक्त मीठ-तिखट तेवढं नव्हतं.

हाल्मोनी मात्र वर कधीच गेल्या नाहीत. आयुष्यभर या डोंगराच्या पायथ्याशी राहूनही नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. मामांनी नंतर सांगितलं. 1948नंतर काही वर्षं या डोंगरात बंडखोर लपलेले होते आणि सैन्य त्यांच्या मागावर होतं. दिवसा एकांची भीती, रात्री दुसऱ्यांची. पायथ्याची गावं मधल्या मधे भरडली गेली. त्या वेळी हाल्मोनी नऊ-दहा वर्षांच्या होत्या. मामांनी एवढंच सांगितलं, मीही पुढे विचारलं नाही.

आज सकाळी ह्वाओमसा मंदिर पाहिलं. 'ह्वाओम' म्हणजे अवतंसक. नावच बौद्धांच्या संस्कृत सूत्रावरून आलंय. 544 साली योन्गी नावाच्या भिक्षूनं ते स्थापन केलं अशी परंपरा आहे, आणि हा योन्गी भारतातून आला होता असंही मानतात. मोठ्या सभागृहामागे पायऱ्या चढून गेलं की पाइनच्या झाडांत एक तीन मजली दगडी पॅगोडा आहे. चार कोपऱ्यांत चार सिंह, त्यांच्या डोक्यांवर वरचा सगळा भार, आणि सिंहांच्या मधोमध हात जोडून उभी असलेली एक मूर्ती. ती योन्गीची आई, असं सांगतात. तिच्या बरोब्बर समोर एक दगडी दिवा आहे. त्याच्या खांबांमध्ये एक भिक्षू गुडघा टेकून बसलाय, हातात चहाचा पेला. तो योन्गी, आईला चहा देतोय.

अभ्यासक पॅगोडा आठव्या शतकातला मानतात, तेव्हा कथेतलं साल काही जुळत नाही. पण मी तिथून हललेच नाही. घरापासून इतक्या लांब आलेला मुलगा, आणि त्याच्या हातातला तो पेला अजून समोर धरलेलाच आहे. तुमचा जावई दोनदा हाक मारून गेला.

दुपारी कोतगाम करायला बसलो. पर्सिमनची, म्हणजे आपल्याकडे 'जापानी फळ' म्हणून मिळतं त्याची, सालं काढून फळं दोरीला बांधून वळचणीला टांगतात. महिना-दीड महिना वाऱ्यावर वाळली की खजुरासारखी गोड होतात. मी सालं काढत होते आणि हाल्मोनी माझ्या सुरीकडे बघत होत्या. देठ मोडला की दोरी कुठे बांधणार, म्हणून देठाला जपायचं. झाडाच्या शेंड्यावरची चार-पाच फळं मामांनी तशीच ठेवली. त्याला 'क्काचिबाप' म्हणतात, क्काचीचा भात. क्काची हा कावळ्याच्याच कुळातला काळा-पांढरा पक्षी. आई, मला आजोबांच्या तिथीला तू गच्चीवर ठेवायचीस ते पान आठवलं.

मग हाल्मोनींनी गोळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मामींना कापणीच्या गडबडीत वेळ झाला नव्हता. सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे, सात दिवसांचे. चिठ्ठी बघून मी एकेक गोळी टाकत गेले. रक्तदाबाची पांढरी, गुडघ्यांची पिवळी, झोपायच्या आधीची अर्धी. चौथ्या दिवसाच्या कप्प्याशी माझा हात थांबला. आई, तू बीपीची कुठली गोळी घेतेस, मला माहीत नाही. बाबांची साखर शेवटची कधी तपासली, तेही नाही. फोनवर मी "गोळ्या घेता ना?" विचारते, तुम्ही "हो" म्हणता, आणि आपण जेवणावर बोलायला लागतो.

तर दोन कामं सांगते, टाळू नका. सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे फोटो मला पाठवा. आणि मे महिन्यात इकडे या. तेव्हा तुमच्याकडे उन्हाचा कहर असतो आणि नोगोदानवर गुलाबी अझेलिया फुललेल्या असतात. हाल्मोनींनी स्वतः निरोप दिलाय, तुझ्या ओम्मा-आप्पांना आण. हो, बाबा, इथे बाबांना आप्पाच म्हणतात.

बाबा, गुडघ्याचं कारण सांगू नका. चढ सौम्य आहे हे मी पाहून आले आहे, काठ्या मी घेऊन ठेवते, आणि दमलात तर विश्रामगृहाशी थांबू. मी मागून चालेन. बूट मात्र इथलेच घ्यायचे. इथे बुटाचा नंबर मिलिमीटरमध्ये असतो, तेव्हा संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, कागदावर पाऊल ठेवून आईला टाचेपासून अंगठ्यापर्यंत पेन्सिलनं खुणा करायला सांगा. दोन्ही पायांचं माप कळवा, डावा थोडा मोठा आहे तुमचा.

तुमची,
ताई