‘कोणी केले?’ हा प्रश्न आधी नको

महोदय,

कार्यसंस्कृती म्हटले की भिंतीवरची घोषवाक्ये आणि वार्षिक सहल आठवते. पण कर्मचारी तोलतात ते वेगळेच. ‘साहेब, चूक झालीय’ असे कोणी सांगायला आले, की साहेबांचा पहिला प्रश्न कोणता? ‘कोणी केले?’ असा असेल, तर पुढची चूक झाकली जाते आणि महिन्याभराने ग्राहकाकडून कळते. ‘आत्ता काय थांबवायला हवे?’ असे विचारले, तर माणूस पोटात ठेवलेले उरलेलेही सांगून टाकतो.

टोयोटाच्या कारखान्यात यासाठी चक्क दोरी (आता बऱ्याच ठिकाणी बटण) असते. जुळणी करताना काही खटकले की कामगार ती ओढतो, दिवा लागतो, गटप्रमुख येतो. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचण्याआत अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून कोणी झापत नाही, ही त्यातली खरी मेख. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या गटांत चुकांची नोंद उलट जास्त निघाली. तिथे लोक बोलायला घाबरत नव्हते. ‘तक्रारी शून्य’ अशा अहवालावर खूश होणाऱ्या वरिष्ठांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

हाताखालच्या प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास एकट्याने बोलावे. माणसे पंधरा असतील तर पंधरवड्याने, नाहीतर त्यातच आठवड्याचे साडेसात तास जातात. पहिली पंधरा मिनिटे समोरच्याची. ‘कसं चाललंय?’ला ‘ठीक’ एवढेच उत्तर मिळते, म्हणून ‘या आठवड्यात काम कशापायी अडलं?’ असे विचारावे. सांगितलेल्यांपैकी निदान एक अडथळा पुढच्या भेटीआधी दूर व्हावा: अडकलेली मंजुरी, न मिळालेला पासवर्ड, दुसऱ्या विभागाची सही. तेवढेही झाले नाही, तर तिसऱ्या भेटीपासून माणूस हवापाण्यावर येतो. ऐनवेळी भेट रद्द करण्याची सवय तर याहून वाईट. बैठकीत साहेबांनी शेवटी बोलावे, एवढे सांगायला खरे तर पत्र नको.

सगळ्यावर पाणी पडते ते बढतीच्या वेळी. माणसांना पिळून आकडे गाठणारा वर गेला, की परिपत्रकात काय लिहिले होते ते कोणी वाचत नाही. नावे ठरवताना विक्रीच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा मांडावा: त्या व्यक्तीच्या हाताखालून वर्षभरात किती जण सोडून गेले किंवा बदली मागून गेले.

– एक वाचक