सदिशाची व्याख्या अर्धीच का शिकवायची?

मा. संपादक,

'परिमाण आणि दिशा असलेली राशी म्हणजे सदिश' ही व्याख्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पण ती अर्धीच आहे आणि पुढचा बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. विद्युतधारेला परिमाण असते, ती तारेत कोणत्या बाजूने वाहते हेही सांगावे लागते. तरी ती अदिशच, म्हणजे सदिश नसलेली राशी. ३ आणि ४ अँपिअरच्या धारा एका सांध्यात मिळाल्या की तिसऱ्या तारेतून ७ अँपिअरच जाणार, तारांमधला कोन काही का असेना. ३ आणि ४ न्यूटनच्या बलांचे तसे नाही. एकाच दिशेने लावली तर ७, काटकोनात ५, ६० अंशांत सुमारे ६.०८ आणि विरुद्ध दिशांना अवघा १ न्यूटन. समांतरभुज चौकोनाच्या नियमाने (दोन बाण लगतच्या बाजू धरले की कर्ण म्हणजे बेरीज) बेरीज होणे ही अट व्याख्येतच हवी.

याहून पक्का दाखला वर्गात एका पुस्तकाने देता येतो. पुस्तक टेबलावर मुखपृष्ठ वर करून ठेवा. ते सपाटच ठेवून घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश वळवा, मग पलीकडची कड उचलून उभे करा: मुखपृष्ठ तुमच्याकडे, पण अक्षरे आडवी. आता क्रम उलटा करा. आधी उभे करा, मग तसेच ९० अंश वळवा: अक्षरे सरळ, पण मुखपृष्ठ उजवीकडे. प्रत्येक वळणाला परिमाण होते, अक्षाची दिशा होती. पण क्रम बदलताच उत्तर बदलले. सदिशांच्या बेरजेत असे होत नाही, म्हणून एवढे मोठे वळण सदिश नव्हे. हा प्रयोग व्याख्येच्या आधी करून घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

घटक पाडताना, म्हणजे एका सदिशाचे काटकोनातल्या दोन दिशांत भाग करताना, पाठांतरच घात करते. उतारावरच्या ठोकळ्याच्या वजनाचा उताराला समांतर घटक साइनने काढायचा की कोसाइनने? कोन शून्य धरून पाहा. सपाट जमिनीवर वजन ठोकळ्याला घसरवत नाही, म्हणजे तो घटक शून्य हवा. शून्य अंशाला साइन शून्य होतो, कोसाइन नाही. आणि घटक काढले की वजनाचा मूळ बाण आकृतीतून खोडायचा. तो तसाच राहिला तर एकच बल दोनदा मोजले जाते. उत्तरपत्रिकांत ही चूक सर्रास दिसते.

कॅल्क्युलेटरवरही डोळे मिटून विसंबू नये. सदिशाची दिशा काढताना आडवा घटक उणे ३ आणि उभा उणे ४ असेल तर व्यस्त टॅन (उभा भागिले आडवा यावरून कोन देणारे फलन) ५३.१ अंश दाखवतो, कारण भागाकारात दोन्ही उणे चिन्हे जातात. बाण मात्र तिसऱ्या चरणात, म्हणजे डावीकडे खाली, आहे. तिथे १८० मिळवून २३३.१ अंश घ्यावे लागतात, आणि हे कच्ची आकृती काढल्याशिवाय ध्यानात येत नाही.

– भौतिकशास्त्राचा एक शिक्षक